एक मुक्काम पुढे

१

सर्बिनाजने हा समुद्र याआधीही ओलांडला होता, त्यामुळे बोट सुटायला उशीर होणार हे तिने धरूनच ठेवलं होतं. बाकूच्या खालच्या अंगाला असलेल्या त्या बंदरात ठरलेली वेळ अशी नसतेच. मालगाडीचे डबे बोटीच्या पोटात भरून झाले, ट्रक चढले आणि वारा पडला की बोट निघते. तोवर माणसांनी आपापल्या बोचक्यांवर बसून चहा प्यायचा. तिच्याही बोचक्यात अक्रोडाचा मुरंबा होता, नवऱ्यासाठी लोकरी बनियन होतं, आणि पडद्यांच्या कारखान्यातून मालकिणीकडे मागून घेतलेले रेशमी तुकडे होते. त्यांचा लेकीला झगा शिवायचा बेत होता. मागच्या शरदात ती पुन्हा घर सोडून कामाला आली तेव्हा अरुखान सहा वर्षांची होती. आता पोरीचे पुढचे दात पडले होते, शाळा सुरू झाली होती आणि फोनवर ती आईशी जरा बिचकूनच बोलायची.

वाट पायाखालची होती. बोटीने पैलतीर, तिथून स्टेशन, मग बेयनेऊपर्यंतची लांबलचक गाडी, पुढे सरहद्द ओलांडणारी बस, आणि पठार संपलं की कुंग्राद. घर.

प्रवासी मोजकेच होते. सगळे ट्रकवाले, आणि त्यांच्यात एकटी सर्बिनाज. बोटीवर दुसरी बाई म्हणजे खानावळ सांभाळणारी सेविंज. अंगाने भरलेली, जिभेने तिखट, पण वाढायला हात सैल. दुसऱ्या दिवशी दुपारी सर्बिनाज जेवायला खाली गेली तेव्हा सेविंजने पळी हातात तशीच धरून तिच्याकडे पाहिलं.

"परत आलीस?"

"परत कुठे? आत्ताच येतेय."

"मघाशी त्या खिडकीशी बसून सूप प्यायलीस ते कोण मग, मी? भूक असेल तर सरळ माग की. लाजतेस काय नव्या नवरीसारखी?"

ट्रकवाले हसले. सर्बिनाजही हसली. बाईला दिवसभर तोंडं बघून बघून भ्रम झाला असेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि वाटी घेऊन जागा शोधू लागली. खिडकीजवळच्या टेबलावर एक रिकामी वाटी अजून तशीच होती. शेजारी पावाच्या कडा पडल्या होत्या. मधला मऊ भाग खाऊन कडा तेवढ्या बाजूला काढलेल्या, ताटलीच्या काठाने नीट ओळीत लावलेल्या.

सर्बिनाजची आई तिला लहानपणी यावरून बोलायची. असा पाव खाणारं दुसरं माणूस तिने कधी पाहिलं नव्हतं. ती त्या टेबलाशी बसली नाही. दाराजवळ, ट्रकवाल्यांच्या शेजारी बसून जेवली, आणि त्या दिवशी कडांसकट सगळा पाव खाल्ला.

२

पैलतीर दिसू लागला आणि बोट थांबली. वारा उलटा होता, धक्क्याला लागायची परवानगी नव्हती. नांगर टाकला, इंजिन बंद झालं. इंजिनाची धडधड थांबली की बोटीतले बाकीचे आवाज ऐकू यायला लागतात. खाली साखळ्यांनी बांधलेले रेल्वेचे डबे एकमेकांना घासून कण्हत होते. कुठेतरी नळ गळत होता. सर्बिनाज खोलीत वरच्या फळीवर पडून होती. तिने बोचक्याची चेन उघडली, रेशमी तुकडे काढून बघितले, परत ठेवले आणि चेन लावली.

पलीकडच्या खोलीत चेन उघडल्याचा आवाज आला. थोडा वेळ गेला. चेन लागल्याचा आवाज आला.

ती उठून बसली. पलीकडची खोली बंद होती. तिथे गाद्यांचा ढीग आहे, असं सेविंजने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पत्र्याच्या भिंती आहेत, आवाज कुठूनही कुठे जातो, असं सर्बिनाजने स्वतःला समजावलं. मग मुद्दामच ती खोकली. पलीकडून काही आलं नाही. ती तशीच कान देऊन बसली, आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं की पलीकडेही कुणीतरी असंच श्वास धरून, कान देऊन बसलं आहे. असं का वाटलं, हे तिला सांगता आलं नसतं. नळाचं गळणंही थांबलं होतं.

सकाळी बोट धक्क्याला लागली. पासपोर्ट तपासणाऱ्या पोरसवदा शिपायाने तिच्याकडे पाहून विचारलं की काय विसरलात म्हणून परत आलात. ती म्हणाली, मी आत्ताच उतरतेय. त्याने शेजारच्याकडे पाहिलं, शेजारचा खांदे उडवून म्हणाला की चेहरे बघून बघून ह्याचे डोळे गेलेत, आणि शिक्का बसला.

नुरतुगान नावाचा वयस्क ट्रकवाला तिला स्टेशनपर्यंत सोडायला तयार झाला. बोटीवर त्याने तिला दोनदा चहा पाजला होता आणि सुनेच्या तक्रारी सांगितल्या होत्या. ट्रकमध्ये बसल्यावर मात्र नजर रस्त्यावर ठेवूनच त्याने विचारलं, "पोरी, तुला जुळी बहीण आहे का गं?"

"नाही काका. मला बहीणच नाही."

"बरं बरं. उगाच आपलं विचारलं." मग मैलभराने म्हणाला, "ट्रक उतरायच्या आधी तू त्या उतारावरून चालत गेलीस. हेच बोचकं. मी हॉर्न दिला तर थांबली नाहीस. मला वाटलं, म्हातारा आपल्याला पकवतोय म्हणून पळालीस."

तो हसला, पण स्टेशनवर तिला उतरवून देताना त्याने तिच्या बोचक्याला हात लावला नाही. येताना ते त्यानेच उचलून चढवलं होतं.

३

गाडीला वेळ होता. स्टेशनच्या बाहेर चहाची टपरी होती. टपरीवाल्या बाईचं नाव जांगिल. येता-जाता सर्बिनाज दर वेळी तिच्याकडेच चहा घ्यायची. ओळख अशी नव्हती, पण तोंडओळख होती. जांगिल उंटाच्या दुधाचं भांडं पुसत पाठमोरी उभी होती. सर्बिनाजने चहा मागितला तसा तिने तो न वळताच ओतला, आणि वळून बघताना तिचा हात मध्येच थबकला.

"गाडी चुकली वाटतं?" ती म्हणाली.

"कोणती गाडी?"

"सकाळची. चढताना तर बघितलं मी तुला." आणि मग जांगिलचा चेहरा हळूहळू बदलला. तिने चहाचा पेला फळीवर पुढे सरकवला नाही, उलट आपल्याकडे ओढला.

"काय झालं ताई?"

"काही नाही."

"मला सांगा. बोटीवरूनच काहीतरी चाललंय माझ्या मागे. सांगा ना."

जांगिलने आजूबाजूला पाहिलं. फलाटावर माणसं होती, पोरं ओरडत होती, ऊन स्वच्छ होतं. बहुधा त्याच धीरावर ती बोलली. "सकाळी तू... ती जी होती, ती म्हणाली, माझ्यामागून एक बाई येईल. हुबेहूब माझ्यासारखी दिसते. आवाजही तसाच आहे. तिला मी कुठे गेले ते सांगू नका. आणि गाडीत बसू देऊ नका, जमलं तर. ती बाई बरी नाही, म्हणाली."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"ती थरथरत होती गं," जांगिल म्हणाली. "खोटं बोलणारं माणूस असं थरथरत नाही."

सर्बिनाज फलाटावर येऊन बाकड्यावर बसली. तिने पासपोर्ट काढून पाहिला. आपलाच होता. फोन आपला, अंगठी आपली. कुणी फसवणारी बाई असेल तर तिला काय मिळणार? पडदे शिवणाऱ्या बाईचं सोंग कोण घेईल, आणि कशासाठी? तिने घरी फोन लावला. पोलात कामावर असणार होता, सोडा कारखान्यात फोन घेऊ देत नाहीत. घंटी वाजत राहिली आणि बंद झाली.

४

गाडीत बरं वाटलं. डब्यात गर्दी होती आणि कुणीही तिला आधी पाहिलेलं नव्हतं. डबा सांभाळणाऱ्या बाईने तिला चादर दिली, जागा दाखवली, बूट बाकाखाली सरकवा म्हणून दटावलं. समोरच्या बाकावर एक कुटुंब होतं. त्यांनी कापड पसरून तळलेल्या पिठाचे गोळे मांडले आणि तिला बसवूनच घेतलं. आजीबाईंनी विचारलं, कुठून, कुठे, मुलं किती. सर्बिनाजने सगळं सांगितलं. आपण सांगतोय ते लोक पहिल्यांदाच ऐकतायत, एवढ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आजीबाईंना वाटलं लेकीच्या आठवणीने आलं. त्यांनी तिच्या हातात आणखी एक गोळा ठेवला.

बाहेर सपाट, करडी जमीन सरकत होती. सूर्य कलला तेव्हा गाडी एका लहानशा स्टेशनात थांबली. फोनला रेंज आली. तिने दाराशी जाऊन घरी लावला. ह्या वेळी पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"अरु? अगं, मी बोलतेय."

पलीकडे श्वास ऐकू आला. मग पोर हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला कोण हवंय?"

"अरु, आई बोलतेय. ओळखलं नाहीस?"

"आई आतल्या खोलीत आहे."

सर्बिनाजने दाराची दांडी घट्ट धरली. "कोण आई?"

"माझी आई. परवा आली." पोरीच्या आवाजात राग नव्हता, अवघडलेपण होतं. पाहुण्याशी नीट बोल असं बजावून ठेवल्यासारखं. "ती म्हणाली, तुमचा फोन येईल. म्हणाली, तुम्ही रडाल. मी तुमच्याशी बोलायचं नाही. पण मी उचलला."

"अरु, ऐक माझं."

"ती आली," पोर म्हणाली आणि फोन बंद झाला.

गाडी सुटली. सर्बिनाज दारातच उभी राहिली. परवा. परवा ती बोटीवर होती, भर पाण्यात. बोटीवरून कुणी पाण्यावरून चालत गेलं तरी परवा कुंग्रादला पोचत नाही. खानावळीत ती बाई थोडीशीच पुढे होती. धक्क्यावर जरा जास्त. स्टेशनवर एक गाडी पुढे. आणि आता, सर्बिनाजने समुद्र ओलांडायच्या आधीच घरी पोचलेली.

असं होत नसतं. हे असं होतच नसतं. म्हणजे पोलातने कुणीतरी बाई घरात आणली आहे आणि पोरीला पढवलंय, असं तिने स्वतःला सांगितलं. नवलाची गोष्ट म्हणजे ह्या विचाराने तिला हायसं वाटलं. ती जागेवर आली आणि आजीबाईंच्या पायाशी बसून राहिली, आणि मनोमन पोलातने दुसरी बाई आणलेली असावी अशी प्रार्थना करत राहिली.

५

बेयनेऊला सकाळी बस उभी होती. ड्रायव्हर टपावर सामान बांधत होता. तिला पाहून तो खाली उतरला आणि दारात आडवा उभा राहिला.

"तुम्हाला घ्यायचं नाही," तो म्हणाला.

"का?"

"तसं सांगितलंय."

"कुणी सांगितलंय?"

तो माणूस उन्हाने रापलेला, दांडगा होता. पण उत्तर देताना त्याने नजर चुकवली. "तुम्हीच," तो म्हणाला. "मागच्या फेरीला. ह्याच बसने गेलात. उतरताना माझा हात धरलात आणि म्हणालात, मी परत आले तर घेऊ नका."

बसमध्ये बसलेली माणसं खिडकीतून बघत होती. सर्बिनाजला काहीतरी समजूतदारपणाचं बोलायचं होतं. पण ती बसच्या पायरीवर बसून रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलासारखी. आतून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "घे रे तिला. रडतेय ती."

ड्रायव्हर तिच्याकडे बघत राहिला. "ती रडली नव्हती," तो स्वतःशीच म्हणाला आणि बाजूला झाला.

सरहद्दीच्या चौकीवर बराच वेळ गेला, पण तिथे कुणी काही म्हटलं नाही. पुढे पठार लागलं. झाड नाही, घर नाही, मधूनच मिठाचा पांढरा पट्टा. बस धक्के खात चालली होती आणि सर्बिनाज डोळे मिटून स्वतःला तपासत होती. कारखान्यातला शेवटचा दिवस आठवला. मालकिणीने गालाचा मुका घेतला होता तो. बंदरावरचा चहा आठवला. आणि बोटीवर चढतानाची शिडी? शिडी आठवेना. एवढंच आठवलं की वारा फार होता आणि कठड्याशी उभं राहून तिला वाटलं होतं, आत्ताच्या आत्ता घरी असते तर. इतकं तीव्र वाटलं होतं की क्षणभर पोटात काहीतरी तुटल्यासारखं झालं, आणि मग एकदम हलकं वाटलं.

बरी नसलेली बाई मीच असेन तर? तिने हात डोळ्यांसमोर धरले. सुयांनी टोचलेली बोटं. तळहात गरम होते. पण तिचेही गरम असतील.

६

कुंग्रादला ती दुपारी पोचली. गल्लीत नेहमीसारखी धूळ होती, तंदूरच्या भाकरीचा वास होता. तिच्या घराचं फाटक बंद होतं आणि आतून कांदा परतल्याचा वास येत होता. ती स्वतः परतते तसा, थोडा जास्तच लाल केलेला.

तिने फाटक वाजवलं. पोलात बाहेर आला, फाटक मागे ओढून घेतलं आणि पाठ टेकवून उभा राहिला. तो वाळला होता. दाढी वाढली होती. त्याने तिच्याकडे पायांपासून केसांपर्यंत पाहिलं.

"तुम्ही आलात," तो म्हणाला.

"मला तुम्ही काय म्हणतोस? मी आहे, पोलात."

ती बोलत असताना त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द कळत होते. मी आहे, पोलात.

"हे काय करतोयस?"

"तिने सांगितलंय मला. आधी हे म्हणशील," तो म्हणाला, आणि अहोजाहो कधी गळलं ते त्याच्याही लक्षात आलं नाही. "मग अरुच्या जन्माच्या वेळची गोष्ट सांगशील. दवाखान्यातली वीज गेली होती, मी बाहेरून काचेवर टॉर्च धरला होता, ती."

सर्बिनाजच्या जिभेवर तीच गोष्ट होती. ती तिथेच राहिली.

"मग?"

"मग म्हणशील, आत जी आहे ती मी नव्हे. मग अरुला हाक मारशील. मग गप्प होशील, आणि परत जाशील." "मी काय करू सांग. ती आली, बोचकं ठेवलं, अरुला उराशी धरलं. बनियन दिलं मला. तू आहेस ती. आणि आता तूही तूच आहेस."

हाक मारायला तिने तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ती जे जे बोलेल ते आधीच बोलून झालेलं होतं. ती धुळीत खाली बसली. पोलात उभाच होता. मग तिच्या तोंडून जे आलं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"ती कशी आहे रे?"

पोलातचे ओठ हलले नाहीत. त्याने दचकून वर पाहिलं. "हे नव्हतं सांगितलं तिने."

"सांग ना. कशी आहे?"

"चांगली आहे," तो म्हणाला. मग तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात, आतलीला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलू लागला. "अरु तिला सोडत नाही. स्वयंपाक करते, घर आवरते. पण ती बसत नाही, सर्बिनाज. आल्यापासून मी तिला बसलेलं पाहिलं नाही. उभ्याने जेवते. दिवसरात्र खिडकीशी उभी. बूटही काढले नाहीत. मी म्हटलं, अगं, आता आलीस ना घरी, टेक जरा. तर म्हणते, अजून पोचायचंय."

"कुठे?"

"मी विचारलं नाही. धीर झाला नाही मला."

कांद्याचा वास बदलला होता. आता तो जळका येत होता. पोलात उठला आणि त्याने फाटक उघडलं.

चुलीवर कढई धुमसत होती. मागचं दार सताड उघडं होतं. घरात कुणी नव्हतं.

७

शेजारची म्हातारी कुंपणाशी कपडे वाळत घालत होती. ती पोलातला म्हणाली की दोघी मघाशीच मुयनाकच्या बसने गेल्या, पोरगी नाचत होती, बोटीत बसायला चाललोय म्हणत होती. मग पोलातच्या मागे उभ्या असलेल्या सर्बिनाजकडे तिची नजर गेली. ओले कपडे तसेच टाकून तिने डोक्यावरचा रुमाल ओढला, घरात गेली आणि कडी लावली.

मुयनाकला बोट नाही. मुयनाकला समुद्रच नाही. सर्बिनाज जन्मायच्या आधीपासून तो मागे सरत गेला होता, आणि आता गावाच्या कड्यावरून पाहिलं की क्षितिजापर्यंत वाळू आणि काटेरी झुडपं दिसतात. तिच्या आजोबांनी तिथे मासे धरले होते. घरातलं कुणी त्याबद्दल बोलत नसे.

पोलातने आपली लहानशी व्हॅन काढली. वाटेत एकदा त्याने विचारलं की बोटीवर तुझं काही झालं का, आणि ती म्हणाली, वारा फार होता. एकदा तिने विचारलं की तुला कधी शंका आली नाही का. त्यावर तो म्हणाला, "अरु खूश होती."

ऊन उतरत आलं होतं तेव्हा ते जुन्या मासळी कारखान्याच्या मागे पोचले. तिथे पूर्वीचा धक्का होता. आता वाळूत लाकडी खांबांची एक रांग उरली होती, आणि तिच्यावर शिल्लक राहिलेल्या फळ्या. रांगेच्या टोकाला, फळीवर पाय सोडून, अरुखान एकटीच बसली होती.

सर्बिनाज धावली. फळ्या पायाखाली करकरत होत्या. तिने पोरीला मागून उचलून घेतलं. अरुखानने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. दचकली नाही, आनंदलीही नाही. बोटाने तिचा गाल चाचपून बघितला.

"अरु, कुठे गेली ती?"

"बोट यायची होती ना," पोर म्हणाली. "ती म्हणाली, तू थांब, मी बघून येते. मी पण थोडी गेले होते. मग थंड लागलं म्हणून परत आले."

तिचे पायमोजे आणि सलवारीचे पाय घोट्याच्या वरपर्यंत ओले चिंब होते. सर्बिनाजने खाली पाहिलं. खाली वाळू होती. कोरडी, वाऱ्याने लाटा पडलेली. तिने पोरीचा पाय हातात धरला, मग आपली बोटं जिभेला लावली. खारट होती.

पोलातही तिथवर आला होता. त्याने ते पाहिलं आणि तो म्हणाला, "चल. आत्ता चल."

त्यांनी अरुखानला मागच्या बाकावर बसवलं, सर्बिनाजच्या बोचक्यातल्या लोकरी बनियनमध्ये गुंडाळलं. सर्बिनाज पुढे बसली. गाडी गावातून बाहेर पडली, दोन्ही बाजूंना पुन्हा सपाट रान लागलं. अरुखान बाकावर गुडघे टेकून मागच्या काचेतून बघत होती. सर्बिनाजने तिला दोनदा नीट बस म्हणून सांगितलं. मग तिला दिसलं की पोर काचेला एक हात लावून दुसरा हलवतेय.

"कुणाला हात करतेस गं?"

"आईला," अरुखान म्हणाली.

सर्बिनाजने मान वळवली नाही. "मागे कुणी नाही, अरु."

"आहे. ती पळतेय." पोरीचा आवाज रडवेला झाला. "बाबा, थांबा ना. तिला पण घरीच यायचंय. ती रडतेय."

"चालव," सर्बिनाज म्हणाली. तिने पोलातच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पोलात, पुढे बघ. चालव."

पोलातने आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने शेजारी बसलेल्या सर्बिनाजच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत त्या वेळी पाणी नव्हतं. त्याने पुन्हा आरशात पाहिलं. तिच्या हाताखाली त्याचा गुडघा हलला, आणि इंजिनाचा आवाज बदलत, खाली उतरत गेला.

गाडी हळू होत होती.